वाइड अँगल लेन्सचा चंचल फोकस : दुरुस्तीस देण्यापूर्वी काय तपासावे

पावसाळा सरत येऊन कुमारटुलीच्या गल्ल्यांतील मूर्तींवर मातीचा अखेरचा हात फिरू लागला की, कोलकात्यात नोकरीव्यवसायानिमित्त स्थायिक झालेल्या आणि छायाचित्रणाचा छंद जोपासणाऱ्या आपल्या वाचकांकडून एकाच आशयाची पृच्छा होऊ लागते. अरुंद गल्लीत मागे सरकण्यास जागा नाही म्हणून वाइड अँगल लेन्स लावली. कॅमेऱ्याने फोकस झाल्याची खूणही दिली. मागच्या लहानशा पडद्यावर चित्र स्वच्छ दिसले. परंतु घरी येऊन संगणकावर मोठे करून पाहावे तो कारागिराचा चेहरा धूसर आणि त्याच्या पाठीमागची बांबूची ताटी मात्र रेखीव. त्याच जागेवरून घेतलेले पुढचे छायाचित्र निर्दोष. मग लेन्स सदोष समजावी, कॅमेरा सदोष समजावा, की हाताची चूक मानावी, असा हा प्रश्न असतो.

याचे उत्तर दुकानदाराच्या किंवा मित्राच्या अंदाजावर सोडू नये, असे आम्हांस आग्रहाने सांगावयाचे आहे. ज्यांची लेन्स पूर्णतः निर्दोष आहे असे लोक दुरुस्तीवर पैसे घालवितात, आणि ज्यांची खरोखर सदोष आहे ते स्वतःच्या हातास दोष देत हमीची मुदत उलटू देतात. एका दुपारच्या शांत परीक्षेने या दोहोंतील भेद स्पष्ट होतो.

चूक एकाच बाजूची आहे, की विखुरलेली?

सर्व निर्णय या एका प्रश्नावर अवलंबून आहेत. रोज पाच मिनिटे पुढे जाणारे घड्याळ लावून घेता येते. परंतु कधी पुढे आणि कधी मागे पडणारे घड्याळ कारागिराकडेच न्यावे लागते. फोकसचेही तसेच आहे. म्हणून प्रथम पुढील परीक्षा करावी.

१. वर्तमानपत्राचे बारीक छपाईचे एक पान भिंतीवर सपाट चिकटवावे आणि त्याच्या शेजारी एक लांब पट्टी अशी तिरकी ठेवावी की, तिचा मध्य पानाच्या पातळीत यावा. खिडकीतून येणारा दिवसाचा भरपूर उजेड असावा. या परीक्षेत विजेचा दिवा नको.

२. कॅमेरा तिपाईवर भिंतीशी काटकोनात, सुमारे दीड ते दोन मीटरांवर लावावा. वाइड लेन्सची परीक्षा अगदी जवळून केल्यास मिळणारे निष्कर्ष प्रत्यक्ष कामाच्या अंतराला लागू पडतीलच असे नाही. ज्या अंतरावर आपली तक्रार उद्भवते तेच अंतर घ्यावे.

३. अॅपर्चर सर्वांत मोठे ठेवावे, कंपनरोधक यंत्रणा बंद करावी आणि दोन सेकंदांचा टायमर लावावा.

४. मधला एकच फोकस-बिंदू निवडावा. पद्धत एकदाच फोकस करून थांबणारी, म्हणजे कॅननवर वन-शॉट किंवा निकॉन व सोनीवर एएफ-एस, ही असावी.

५. प्रत्येक छायाचित्रापूर्वी फोकस मुद्दाम बिघडवावा; एकदा अनंताच्या टोकास नेऊन, पुढच्या वेळी जवळच्या टोकास नेऊन. अशी दहा छायाचित्रे घ्यावीत आणि कोणते कोणत्या टोकाकडून आले याची नोंद ठेवावी.

६. शेवटी लाइव्ह व्ह्यूमध्ये चित्र मोठे करून, हाताने काळजीपूर्वक फोकस साधून दोन छायाचित्रे घ्यावीत. ही तुलनेसाठी प्रमाण मानावयाची.

आता संगणकावर प्रत्येक चित्र पूर्ण आकारात पाहावे. दहाही चित्रे प्रमाणाइतकीच रेखीव असतील, तर लेन्स आणि कॅमेरा दोन्ही निर्दोष आहेत आणि कारण दृश्यात, प्रकाशात किंवा पद्धतीत शोधावयाचे आहे. दहाही चित्रांत पट्टीचा पुढचाच, किंवा मागचाच, भाग रेखीव येत असेल, तर कॅमेरा आणि लेन्स यांचा मेळ बसलेला नाही. हा दोष बहुधा समायोजनाने जातो. परंतु भरपूर उजेडात, सपाट छापील पानावरही चित्रे पुढे-मागे विखुरत असतील, तर यंत्रातील दोषाचा संशय घेण्यास सबळ कारण आहे. त्यातही अनंताकडून आलेली चित्रे नीट आणि जवळच्या टोकाकडून आलेली तेवढी चुकीची असतील, तर फोकस फिरविणाऱ्या यंत्रणेत ढिलाई असण्याचा संभव अधिक, आणि ही गोष्ट सेवा केंद्राला लेखी कळविण्याजोगी आहे. आरशाच्या कॅमेऱ्यात व्ह्यूफाइंडरमधून केलेला फोकस चुकतो पण लाइव्ह व्ह्यूमधला स्वयंचलित फोकस बरोबर येतो, असे आढळल्यास लेन्सच्या काचांवर संशय घेण्याचे प्रयोजन उरत नाही. आरशाखालच्या स्वतंत्र फोकस-यंत्रणेचे आणि लेन्सचे गणित जुळत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

वाइड लेन्सलाच हा उपद्रव अधिक का

निर्णयापुरती एवढी उपपत्ती ध्यानात असावी. सुमारे २० सेंटिमीटर उंचीचा मानवी चेहरा तीन मीटर अंतरावर असेल, तर ५० मिलिमीटरच्या लेन्समधून सेन्सरवर त्याची प्रतिमा सव्वातीन मिलिमीटरांच्या आसपास उमटते. १६ मिलिमीटरच्या लेन्समधून ती जेमतेम एक मिलिमीटर उरते. कॅमेऱ्यात दिसणारी फोकसची चौकट लहान असली तरी प्रत्यक्षात ज्या क्षेत्रातून यंत्र माहिती गोळा करते ते क्षेत्र बहुधा त्या चौकटीहून मोठे असते. त्यात इवलासा चेहराही येतो आणि मागची ताटीही येते, आणि ज्याच्या कडा अधिक ठळक त्याला यंत्र पसंती देते. भर म्हणजे या लेन्सची फोकसखोली मोठी असल्यामुळे चूक लहान पडद्यावर किंवा व्ह्यूफाइंडरमध्ये नजरेस येत नाही. म्हणून वाइड लेन्स वापरताना चित्र घेतल्याबरोबर ते मोठे करून पाहण्याचा परिपाठ ठेवावा.

फोकस धरून चौकट फिरविण्याची सवय

आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींतील फार मोठा भाग या सवयीतून उद्भवलेला असतो, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. मधल्या बिंदूने चेहऱ्यावर फोकस धरावयाचा, बटण अर्धे दाबून ठेवावयाचे आणि मग कॅमेरा वळवून चेहरा चौकटीच्या कडेला आणावयाचा, ही पद्धत ५० किंवा ८५ मिलिमीटरच्या लेन्सवर बहुधा निभावून जाते. फोकसचे प्रतल कॅमेऱ्याशी समांतर असते. कॅमेरा वळविला की तेही वळते आणि माणूस मात्र जागच्या जागी राहतो. परिणामी फोकस त्याच्या मागे पडतो. कॅमेरा जितका अधिक वळेल तितकी ही तफावत वाढते, आणि वाइड लेन्सवर चेहरा कडेला नेण्यासाठी कॅमेरा पुष्कळच वळवावा लागतो.

फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर २४ मिलिमीटरची लेन्स आडव्या दिशेने सुमारे ७४ अंशांचे दृश्य सामावते, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत ३७ अंश. माणूस दोन मीटरांवर असताना फोकस धरून त्याला अगदी कडेला नेले, तर फोकसचे प्रतल त्याच्या मागे सुमारे ४० सेंटिमीटर जाते. ३० अंश वळविल्यास सुमारे २७ सेंटिमीटर. एफ १.४ वर दोन मीटरांवर फोकस असता रेखीवपणा साधारण १.७५ मीटरपासून २.३४ मीटरपर्यंत मिळतो. आपला माणूस त्या प्रतलाच्या हिशेबाने १.६ मीटरवर येऊन पडलेला असतो, अर्थात मर्यादेबाहेर. एफ २.८ वर तीच मर्यादा दीड मीटरच्या जरा पलीकडून सुरू होते म्हणून चेहरा जेमतेम वाचतो. एकाच लेन्सने एकदा चित्र चांगले का येते आणि एकदा वाईट का येते, याचा उलगडा पुष्कळदा याच आकड्यांत सापडतो. काही लेन्सचे फोकस-प्रतल सपाट नसून किंचित वाकलेले असते. तेथे हा हिशेब आणखी बदलतो.

उपाय असा की, प्रथम चौकट ठरवावी आणि मग फोकस-बिंदूच चेहऱ्यावर न्यावा. मिररलेस कॅमेऱ्यात चेहरा वा डोळा ओळखण्याची सोय असल्यास ती चालू ठेवावी. चेहरा फारच लहान असेल तर मात्र तिच्यावर सर्वस्वी विसंबू नये. जुन्या किंवा प्राथमिक श्रेणीच्या आरशाच्या कॅमेऱ्यांत कडेचे बिंदू मधल्या बिंदूइतके समर्थ नसतात. अशा वेळी लाइव्ह व्ह्यूचा आश्रय घ्यावा, अथवा माणूस मध्याच्या जवळ ठेवून चित्र घ्यावे आणि नंतर कापून हवी ती रचना साधावी.

कोलकात्याचा उजेड आणि कोलकात्याची हवा

बनमाली सरकार स्ट्रीटवरील मूर्तिकारांच्या शाळांत अंधार दाट, छताला लोंबकळणारा एखादा दिवा, आणि समोर रंग न चढलेली एकाच करड्या मातीची मूर्ती असते. स्वयंचलित फोकसला छायाप्रकाशाची कड लागते. गुळगुळीत मातीच्या गालावर तिला धरण्याजोगे काहीच सापडत नाही, आणि लेन्स पुढे-मागे चाचपडत राहते. अशा ठिकाणी बिंदू गालावर न ठेवता पापणीच्या कडेवर, मुकुटाच्या नक्षीवर, किंवा पेंढा आणि माती जेथे भेटतात त्या रेषेवर ठेवावा. मात्र ती रेषा चेहऱ्याइतक्याच अंतरावर असली पाहिजे.

पूजेच्या मंडपांत अडचण निराळी असते. विजेच्या माळांचे बारीक, प्रखर ठिपके फोकस-यंत्रणेला चकवितात, म्हणून बिंदू दिव्यावर न ठेवता दिव्याने उजळलेल्या कडेवर ठेवावा. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने काही दिव्यांचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, आणि मंद उजेडात हे आंदोलन फोकसची अनिश्चितता वाढवू शकते. शिवाय प्रकाशाचा वर्ण पालटला की आरशाच्या कॅमेऱ्यात फोकसचे स्थानही किंचित सरकू शकते. दिवसा खिडकीशी केलेली परीक्षा उत्तम उतरली आणि मंडपात तीच लेन्स सातत्याने एका बाजूस चुकली, तर हीच परीक्षा त्या प्रकारच्या दिव्यात पुन्हा करून पाहावी. हाजरा रोडवरील महाराष्ट्र निवासात गणेशोत्सवाची छायाचित्रे घेणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

हवेतील दमटपणा हा येथील स्वतंत्र विषय आहे. वातानुकूलित खोलीतून किंवा मोटारीतून भाद्रपदातल्या रस्त्यावर उतरताच थंड काचेवर बाष्प धरते. तो थर दाट असला तर दिसतो. विरळ असला तर दिसत नाही, पण कॉन्ट्रास्ट घटवून फोकसला अडखळवितो. बाहेर पडण्यापूर्वी कॅमेरा प्लॅस्टिकच्या हवाबंद पिशवीत घालावा आणि बाहेरच्या तापमानाला येईपर्यंत, साधारण अर्धा तास, पिशवी उघडू नये. घरी लेन्स ४० ते ५० टक्के आर्द्रतेच्या ड्राय कॅबिनेटमध्ये, ते नसल्यास सिलिका जेलसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. बुरशीचा एखादा लहान डाग फोकस चुकण्याचे कारण क्वचितच असतो. तथापि तो पसरू दिला तर लेन्सच्या काचेवरील लेप कायमचा खराब होतो.

घामाने आणि दमट हवेने लेन्सच्या मागील सोनेरी संपर्कबिंदूंवर पातळ थर जमतो आणि कॅमेरा व लेन्स यांच्यातील संदेश मध्येच तुटतो. कॅमेरा बंद करून, बॅटरी काढून, कोरड्या तंतुरहित कापडाने, आणि गरज वाटल्यास त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब घेऊन, हे बिंदू हलकेच पुसावेत. शिसपेन्सिलीच्या रबराने घासण्याचा सल्ला पुष्कळ ठिकाणी दिला जातो. तो मानू नये, कारण त्याने मुलामा झिजतो आणि रबराचा भुगा आत पडतो.

कॅमेऱ्यातील मांडणी आणि मेळ

- सर्व बिंदूंमधून कॅमेऱ्यानेच निवड करण्याची पद्धत बंद करावी. ती बहुधा सर्वांत जवळची किंवा सर्वांत ठळक वस्तू पकडते.
- सतत फोकस करीत राहणाऱ्या पद्धतीत पुष्कळ कॅमेरे फोकस पूर्ण होण्याची वाट न पाहता चित्र घेतात. मेन्यूत शटरला प्राधान्य आहे की फोकसला, हे पाहून फोकसला द्यावे.
- पुढचा फिल्टर काढून परीक्षा पुन्हा करावी. आरशाच्या कॅमेऱ्यावर पोलरायझर वापरत असाल तर तो सर्क्युलर जातीचाच असावा. लिनियर जातीचा फोकस बिघडवितो.
- निकॉनच्या एएफ-पी जातीच्या लेन्स, ज्यांत १०-२० मिलिमीटरची लोकप्रिय वाइड लेन्सही येते, काही जुन्या कॅमेऱ्यांवर स्वयंचलित फोकस करीतच नाहीत, आणि काहींवर मीटर बंद पडून पुन्हा चालू झाल्यावर फोकसचे स्थान सरकते. खरेदीपूर्वी कंपनीची सुसंगत कॅमेऱ्यांची यादी तपासावी.
- कॅमेरा व लेन्स दोहोंचे फर्मवेअर अद्ययावत करावे. अॅडॅप्टर असल्यास त्याचेही.

समायोजन कोणी करावे

ज्यांची चूक सदैव एकाच बाजूची आहे त्यांनीच. कॅननवर एएफ मायक्रोअॅडजस्टमेंट आणि निकॉनवर एएफ फाइन-ट्यून या नावाने ही सोय मध्यम व वरच्या श्रेणीच्या आरशाच्या कॅमेऱ्यांत असते आणि तिचे माप उणे २० ते अधिक २० असे असते. प्राथमिक श्रेणीच्या कॅमेऱ्यांत ती सहसा नसते. सिग्माचा यूएसबी डॉक आणि टॅमरॉनचे टॅप-इन कन्सोल ही उपकरणे त्या त्या कंपनीच्या निवडक लेन्समध्येच दुरुस्ती साठवितात, आणि वेगवेगळ्या अंतरांसाठी वेगवेगळी. वाइड लेन्ससाठी हे विशेष उपयुक्त, कारण दोन मीटरांवर बरोबर केलेली लेन्स दूरवर चुकू शकते. एका वेळी पाच पायऱ्या सरकवून वरील परीक्षा पुन्हा करावी. मिररलेस कॅमेऱ्यात फोकस मुख्य सेन्सरवरच मोजला जात असल्याने सर्वसाधारणतः या खटाटोपाची गरज पडत नाही.

स्वयंचलित फोकस बाजूला ठेवण्याचा मार्ग

हा पर्याय अनेकांना माघारीसारखा वाटतो. आम्हांस तो वाइड लेन्सचा खरा अधिकार वाटतो. फुल-फ्रेमवर २४ मिलिमीटर, एफ ८ आणि फोकस २.४ मीटरवर ठेवल्यास सुमारे १.२ मीटरपासून अनंतापर्यंत सारे मान्य रेखीवपणात येते. १६ मिलिमीटरवर एफ ८ लाच १.१ मीटरवर फोकस ठेवला तर अर्ध्या मीटरच्या थोडे पलीकडून सारे दृश्य हाती येते. पहाटे हावडा पुलाच्या पायथ्याशी, मल्लिक घाटाच्या फूलबाजारात, झेंडूच्या माळांनी लादलेली माणसे सर्व बाजूंनी अंगावर येत असताना कोणतीही फोकस-यंत्रणा या मांडणीशी स्पर्धा करू शकणार नाही. आयएसओ वाढवावा, फोकसच्या कड्यावर चिकटपट्टी लावावी आणि लक्ष माणसांकडे द्यावे. मोठ्या आकाराची छपाई करावयाची असेल तर एफ ११ घ्यावे. विद्युत-नियंत्रित कड्याच्या काही लेन्स कॅमेरा बंद होताच हे स्थान विसरतात. चालू केल्यावर ते पुन्हा तपासावे.

सेवा केंद्रात जाताना

प्रथम आणखी एक परीक्षा उरकावी. मैदानातून चौरंगीच्या दूरच्या इमारतींची रांग एफ ५.६ वर घ्यावी आणि दोन्ही कडा तुलून पाहाव्यात. मग कॅमेरा उलटा धरून तेच चित्र पुन्हा घ्यावे. दोन्ही चित्रांत चौकटीची एकच बाजू मलूल राहिली, तर लेन्सच्या आतील काच जागेवरून हललेली असण्याचा दाट संभव आहे. समायोजनाने हा दोष कधीही जात नाही.

केंद्रात लेन्स एकटी देऊ नये. कॅमेराही द्यावा, कारण मेळ दोघांचा तपासावयाचा असतो. सोबत मूळ बिल, हमीपत्र, परीक्षेची चित्रे असलेले कार्ड आणि तक्रारीचा लेखी मजकूर असावा. "फोकस नीट येत नाही" असे लिहू नये. "दोन मीटरांवर, एफ २.८ ला, दिवसाच्या उजेडात दहापैकी इतकी चित्रे मागे सरकतात" असे लिहावे. जॉब-शीटवर लेन्सचा अनुक्रमांक आणि आपली तक्रार त्याच शब्दांत नोंदवून घेतल्याखेरीज वस्तू हातची सोडू नये.

एस्प्लनेडच्या मेट्रो गल्लीत कॅमेऱ्याची दुकाने दाटीने आहेत आणि जुन्या लेन्स हाताळणारे जाणकारही तेथे भेटतात. हमीची मुदत उलटलेल्या लेन्ससाठी तेथे अवश्य चौकशी करावी. हमीतील लेन्स मात्र अधिकृत केंद्राबाहेर कोणासही उघडू देऊ नये.

दाद मागण्याचा अधिकार

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्यातील पुढील गोष्टी आपल्या कामाच्या आहेत.

- बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. सदोष वस्तू बिलात नमूद मुदतीत, आणि तशी मुदत नमूद नसल्यास ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे हीदेखील तशीच प्रथा होय.
- ५० लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही.
- तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज दाखल झाला पाहिजे.
- तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो तेथेही अर्ज करता येतो. लेन्स पुण्यात घेतली आणि बदली कोलकात्यास झाली, तर पुण्याच्या खेपा घालण्याचे कारण नाही.
- अर्जापूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी. तेवढ्यानेच प्रकरण मिटण्याची शक्यता असते.

बिलावर लेन्सचा अनुक्रमांक नसेल तर तो त्याच दिवशी दुकानदाराकडून लिहून घ्यावा. थोड्या सवलतीच्या मोहाने बिलाशिवाय घेतलेल्या परदेशी मालाला भारतातील हमी सहसा मिळत नाही आणि दाद मागताना पुरावाही उरत नाही. दोष साध्या पाहणीने ठरत नसेल तर आयोग वस्तू मोहोरबंद करून योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, आणि त्यासाठीचे शुल्क तक्रारदाराकडून आगाऊ मागितले जाऊ शकते. प्रकरण आयोगापर्यंत जाईल असे वाटू लागले, तर त्या क्षणापासून लेन्स कोणाकडूनही दुरुस्त करवून घेऊ नये, आणि परीक्षेच्या मूळ फाइली, तारखांसह, दोन ठिकाणी जपून ठेवाव्यात.